पहिली मूठ

अंगणवाडीच्या नव्या सेविकांचं प्रशिक्षण असलं की हल्ली मला बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो: लहान मुलांना खेळता खेळता पक्कं बांधायला कसं शिकवावं. मी पिशवीतून काडेपेटीच्या साच्यात पाडलेल्या विटा काढते, सतरंजीवर बसकण मारते, आणि नोकरीला लागून महिनाही न झालेल्या पोरी माझ्याभोवती बसून भिंती उभारतात, पाडतात, खिदळतात. शेवटी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, हे तुम्ही कुठे शिकल्या?" माझे बाबा गवंडी होते, असं मी सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आजवर कोणाला सांगितलं नाही. हे सगळं मी एका माणसाचा सूड घ्यायचा म्हणून शिकले. तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं आणि त्या माणसाचा इतका राग होता की सकाळी आंबिलीचा पहिला घोट घेतानाही त्याचं तोंड डोळ्यांपुढे यायचं. आता केस पिकू लागले, गुडघे कुरकुरतात, तो माणूसही राहिला नाही. राग मात्र आहे. त्याला मी पोसलाय, असंही कोणी म्हणेल तर मी नाही म्हणणार नाही.

जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या नंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं गाव सानगडीच्या बाजारापासून कोसभर आत. घर दोन खोल्यांचं, मातीचं, वर कवेलू. ते बाबांनी स्वतः बांधलेलं. माती तुडवून त्यात धानाची तणस मिसळायची, हातभर उंचीचा एक थर घालायचा आणि तो वाळेपर्यंत पुढच्या थराला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. त्या एकेका थराला ते रद्दा म्हणत. शेजाऱ्यांच्या भिंती आठ दिवसांत वर जायच्या, आमची महिना खायची, आणि आई म्हणायची की या माणसाशी लग्न केलं तर पावसाळ्याआधी छपराखाली जायचा भरवसा नाही. पहाटे बाबा उठले की आधी पंचशील म्हणायचे, मग अंगणातल्या दगडावर गवंडीकामाची करणी घासायचे. खर्र, खर्र. त्या आवाजाने मी उठायची. चुलीवर कनकीचा भात, लाखोरीची डाळ, कधी तळ्यातल्या सुकवलेल्या झिंग्यांची चटणी. बाबा जेवताना बोलत नसत. जेवून झालं की ताटातच बोटाने भात सारून समजवायचे, पायवा खाली रुंद आणि वर निमुळता कसा.

त्यांची आणखी एक रीत होती. कोणाच्याही घराचा पायवा भरायचा तर पहिली मूठ त्या घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या हातची. नारळ, पूजा ज्याची त्याने करावी, बाबांची त्याला ना नव्हती. पण घमेल्यातला माल त्या पोराच्या मुठीत देऊन ती मूठ पायव्यात पडल्याशिवाय ते करणीला हात लावत नसत. "ज्याले जास्त दिवस राहायचं हाये, त्यानं टाकावं," एवढंच म्हणत. गावातली कितीतरी जवान माणसं दाखवून ते सांगायचे, याची मूठ अमक्याच्या घरात आहे, हिची तमक्याच्या.

दामूजी आमच्या गावचा ठेकेदार. रस्ता, नाली, शाळेचा संडास, जे निघेल ते दामूजीकडे. आवाज मोठा, सदरा पांढरा, आणि अर्ध्या गावाला कधी ना कधी त्याच्याच हाताखाली रोजी मिळालेली, त्यामुळे तो बोलायला लागला की माणसं आपोआप मान हलवायची. अंगणवाडीला खोली मंजूर झाली ती त्याने घेतली आणि जागा धरली गावाच्या कडेच्या बोडीवर. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. ती ट्रॅक्टरने माती टाकून बुजवली होती. बाबांना मिस्त्री म्हणून बोलावलं. बाबांनी सळई खुपसून पाहिली. ती हात लावताच खाली जात राहिली.

"दामूजी, मुरूम लागेपर्यंत खोदा लागते," बाबा म्हणाले. "हे भरावाची माती हाये. पानी पेते अन् बसते."

"तुले बांधायले बलावलं का शिकवायले?" दामूजी म्हणाला.

गुडघाभर खोदून पायवा भरला. पहिली मूठ कोणत्याही पोराची नव्हती. सरपंचाने नारळ फोडला आणि दामूजीने वीट ठेवली. सिमेंटही त्याच्याच हुकुमाने, चवीपुरतं. बाबा रोज घरी येऊन जेवायचे, पण ताटात भात सारून काही समजवायचे नाहीत. करणी खाली ठेवून ते निघून आले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण माझी आई त्याच अंगणवाडीत मदतनीस होती, खिचडी शिजवायची, आणि दामूजीची ऊठबस सगळी पंचायतीत; त्याने मनात आणलं असतं तर तिची नोकरी गेली असती.

पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली. रविवार होता म्हणून आत पोरं नव्हती. आईची चूल तेवढी विटांखाली गेली. चार दिवसांनी ग्रामसभा भरली. लोक विचारतील त्याच्या आधीच दामूजी उठला आणि म्हणाला, "मी सामान एक नंबर देल्लो. पन मिस्त्री सकाऊनपासून पिऊन राहे, त्याले मी काय करू?"

माझ्या बाबांनी जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. रोज पहाटे पाचवं शील म्हणणारा, लग्नाच्या वरातीतही वास आला तर उठून जाणारा माणूस. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. दामूजी म्हणाला, मिस्त्रीनं कान पकडून माफी मागावी, विषय संपला, आपल्याला कोणाचं वाईट करायचं नाही. बाबा उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले आणि म्हणाले, "चुकी झाली." पोरं हसली. बायांमध्ये बसलेल्या आईने पदर तोंडात कोंबला. मी दामूजीकडे पाहत होते. तो पान चघळत होता. त्याच क्षणी मी ठरवलं की याच गावात, अशाच भरल्या सभेत, या माणसाची मान खाली घालायला लावीन. कशी ते माहीत नव्हतं.

त्यानंतर बाबांना काम मिळेना. पिणाऱ्या मिस्त्रीला घर कोण बांधायला देणार! त्यांनी अवजारांची पिशवी खुंटीला टांगली आणि दुसऱ्याच्या धानात रोजीने निंदायला जाऊ लागले. पहाटे पंचशील ऐकू यायचं, पण हळू आवाजात, शेजाऱ्याला कळू नये असं. दगडावरची खर्रखर्र थांबली.

अंगणवाडी तेवढ्यापुरती समाजमंदिराच्या ओट्यावर भरू लागली. मी बारावी होऊन घरी बसलेली, तेव्हा आईच्या मदतीला जायची. सेविका कुंदाबाई रजिस्टरांच्या ढिगात बुडालेल्या. त्यांनी पोरं माझ्याकडे सोपवली. खेळणी म्हणावी तर एक फुटका प्लास्टिकचा घोडा. एकदा पोरं ओट्याखाली चिखलाची घरं करत होती आणि घर पडलं की टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या मला सहन झाल्या नाहीत. मी विचारलं, "हे काहून पडलं?"

"त्याले झोप आली," एक पोट्टं म्हणालं.

"त्याचे पाय वल्ले हायेत," दुसरं म्हणालं.

मी त्या दुसऱ्याकडे पाहतच राहिले. चार वर्षांच्या लेकराला जे कळतं ते ग्रामसभेला कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी बाबांना म्हटलं, पोरांना खेळायला बारक्या विटा पाहिजेत. दुसऱ्या दिवशी अंगणात काडेपेटीएवढ्या विटा ओळीने वाळत होत्या, शंभराच्या वर, आणि बाबांच्या हाताला कितीतरी दिवसांनी तुडवलेल्या मातीचा वास होता.

मग सगळं हिवाळाभर आमचा तो खेळ चालला. मी कधी सांगितलं नाही की असं बांधा. बाबांनीच बजावलं होतं, "सांगू नको. पडू दे. पडलं का पुसत जाय." पोरं विटेवर वीट ठेवून उंच मनोरा करायची, तो पडायचा. मी विचारायची, कुठून पडला? दोन विटांच्या फटीवर फट आली की तिथूनच भिंत तुटते, हे त्यांनी स्वतः शोधलं. भुसभुशीत मातीवर आणि कडक मातीवर एकसारखी भिंत बांधून पाहिली. भिंत झाली की तिची परीक्षा व्हायची: आधी एका बोटाने ढकलायचं, मग बुडाशी तांब्याभर पाणी ओतायचं, मग खिचडीच्या चमच्याने विटांमधला माल उकरून पाहायचा. परीक्षेच्या वेळी सगळी पोरं ओरडायची, "टिकते का पडते? टिकते का पडते?" टिकली की बांधणाऱ्याला खिचडी पहिली. बाबा कधीमधी रस्त्याने जाताना थांबायचे, लांबूनच पाहायचे, आणि एकदा मी त्यांना हसताना पाहिलं.

या सगळ्यांत हुशार होती पिंकी. पाच वर्षांची, नाक सदा वाहतं, आणि हात असे की बाबांनी जवळून पाहिलं असतं तर शागीर्द केली असती. फटीवर वीट आडवी ठेवायची हे तिनेच पहिल्यांदा काढलं. बांधताना जीभ बाहेर काढून बसायची, आणि परीक्षेच्या वेळी स्वतःच्या भिंतीलाही दयामाया दाखवायची नाही. पिंकी दामूजीची नात होती.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिला मी जास्त वेळ द्यायची, जास्त शाबासकी द्यायची. लोकांना वाटायचं, बघा पोरीचं मन किती मोठं आहे. माझ्या मनात काय शिजत होतं ते मलाच माहीत.

दामूजीने बाहेरगावचा मिस्त्री आणून पडलेली भिंत त्याच पायव्यावर पुन्हा उभी केली. समोरून प्लास्टर, त्यावर मोर, सफरचंद, पाढे. मागून प्लास्टर केलंच नाही, तिकडे कोण बघतं! उद्घाटनाला तालुक्याहून साहेब येणार होते. कुंदाबाईंना मी म्हटलं, पोरांचा कार्यक्रम ठेवू, आणि मांडव मागच्या बाजूला टाकू, तिकडे चिंचेची सावली आहे. त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. दामूजीलाही आवडलं, कारण कार्यक्रमात त्याची नात होती.

त्या दिवशी आईने खिचडीत शेंगदाणे घातले होते. साहेब मधल्या खुर्चीवर, शेजारी दामूजी, गळ्यात झेंडूचा हार. सगळं गाव होतं, ग्रामसभेला होतं त्याच्यापेक्षा जास्त. बाबा शेवटी, बैलगाडीला टेकून उभे. मी पोरांकडून दोन भिंती बांधून घेतल्या, एक कडक मातीवर, एक भुसभुशीत. पिंकीने पाणी ओतलं. भुसभुशीतवरची भिंत हळूच कलली आणि बसली. साहेब हसले, म्हणाले, अरे वा. दामूजी छाती फुगवून म्हणाला, "आमची पिंकी हाये ते, साहेब! नात!"

मी थांबले. त्याचं ते वाक्य सगळ्यांना ऐकू जाऊ दिलं. मग पिंकीच्या हातात खिचडीचा चमचा दिला आणि मागच्या उघड्या भिंतीकडे बोट दाखवून म्हटलं, "पिंके, आता याची परीक्षा घे."

तिला काय, खेळच होता. ती धावत गेली, गुडघे टेकून बसली, जीभ बाहेर काढली आणि दोन विटांच्या फटीत चमचा घातला. माल भुरभुर खाली पडला. तिने आणखी उकरलं. कोरडी रेती तिच्या फ्रॉकवर सांडत राहिली. बाकीची पोरं ओरडायला लागली, "टिकते का पडते? टिकते का पडते?" पिंकीने एक वीट दोन्ही हातांनी हलवली, हलणाऱ्या दातासारखी, आणि ती अख्खी बाहेर काढून साहेबांपुढे नेली. "पडते," ती म्हणाली. "याचे बी पाय वल्ले हायेत. हे बोडीवर हाये न."

कोणी हसलं नाही. साहेब उठले, स्वतः बोट घालून पाहिलं, बोटाला लागलेली रेती रुमालाला पुसली आणि कुंदाबाईंना विचारलं, याचं काम आधी कोणी केलं होतं, तो मिस्त्री काय म्हणाला होता? कुंदाबाईंनी सांगितलं. आता मात्र गावाला वाचा फुटली. चहूकडून आवाज आले की देवाजी मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खोदा म्हणत होता, देवाजी पीत नाही, देवाजी असा आणि देवाजी तसा. देवाजी म्हणजे माझे बाबा. हेच लोक, हीच तोंडं. दामूजीने मान खाली घातली होती. हार खुर्चीवर टाकून, न जेवता, तो निघून गेला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिले आणि मग दोन वेळा खिचडी घेतली. इतकी चव मला त्यानंतर कोणत्या अन्नात लागली नाही. खोटं कशाला बोलू!

खोली पाडून पायव्यापासून पुन्हा बांधायची, आणि देवाजी मिस्त्रीकडूनच, असं ठरलं. मी नाचत घरी आले. बाबा ओसरीवर बसले होते.

"तिच्या हातात चमचा काहून देला?" त्यांनी विचारलं.

"त्यानं तुमचे कान पकडवले," मी म्हटलं.

"त्याच्या म्हनन्यानं नाही पकडले मी. भिंत माह्या हातची होती. पायवा खोटा हाये हे मले मालूम होतं, तरी मी बांधून राहिलो होतो. खाली लेकरं बसनार होती." ते थांबले. "मी पित नाही हे मले मालूम हाये. तेवढं पुरे होतं मले. तू त्या पोरीले कायले मधात घातलं?"

मला वाटलं, बाबा भित्रे आहेत. तसं मी बोललेही. ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं की पिंकीला घरी दामूजीने लाटण्याने हातांवर मारलं, आजोबाचं नाक कापलं म्हणून, आणि तिचं अंगणवाडीत येणं बंद झालं. मी म्हटलं, मारणारा तो, माझा काय दोष? म्हटलं खरं, पण त्या दिवशी पोरांनी भिंत बांधली तेव्हा परीक्षा घ्यायला मी चमचा काढला नाही.

ऊन तापून बोडीवरची माती कोरडी झाल्यावर बाबांनी चर खोदला, पुरुषभर, मुरूम लागेपर्यंत. पायवा भरायच्या दिवशी घमेल्यात माल घेतला आणि मला म्हणाले, चल. मला वाटलं जागेवर जायचं. ते सरळ दामूजीच्या घरी गेले. दामूजी खाटेवर होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. बाबा अंगणात उकिडवे बसले आणि घमेलं पुढे सरकवलं.

"पिंके, ये माय. पहिली मूठ तुही."

ती दारातून बाहेर आली. घमेल्यातल्या ओल्या मालाकडे पाहिलं, एक पाऊल पुढे टाकलं, जिभेचं टोक बाहेर आलं. मग तिची नजर वर गेली. बाबांच्या मागे मी उभी होते. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी नाही खेळत," ती म्हणाली.

बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आम्ही घमेलं तसंच उचलून परत आलो. चराशी बाकीची पोरं माना लांब करून उभी होती, आपला नंबर लागेल म्हणून. बाबांनी त्यांच्यापैकी कोणालाही बोलावलं नाही. कोपऱ्यावर घमेलं ठेवलं आणि मला म्हणाले, "तूच टाक. तुलेच हे पाहिजे होतं न." त्यांचा आवाज कडक नव्हता. मी खाली वाकले आणि मूठ टाकली.

दामूजी गेला तेव्हा मी मौतीला गेले नाही, आणि आजही तो समोर आला तर त्याला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवून तसाच उठवीन. पिंकी लग्न होऊन लाखांदूरकडे गेली. तिला मी हे काही बोलू शकले नाही. बाजारात दोनदा दिसली, दोन्ही वेळा मीच रस्ता बदलला. बाबांनी बांधलेल्या त्या खोलीला इतक्या पावसाळ्यांत केसाएवढीही भेग गेली नाही. पुढे मीच तिथे सेविका झाले, माझी आजवरची सगळी नोकरी त्या चार भिंतींत गेली. पोरं वाटेल तिथे टेकून बसतात. माझी मूठ पडलेल्या त्या एका कोपऱ्याला मी पाठ टेकून कधी बसले नाही.